अकरा नंबरचं तळं

माझ्या ताईने आयुष्यात मला एकच गोष्ट पोटात ठेवायला सांगितली होती, आणि ती मी नऊ महिन्यांत ओकून बसलो.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. पाणी खात्याच्या मोजणी विभागात नोकरीला. आमच्या गावामागच्या डोंगरांत, पार वर, बर्फ वितळून भरणारी एकोणीस तळी आहेत. दर वर्षी त्यांचं पाणी किती खोल, किती गार, किती नितळ हे मोजून लिहून ठेवायचं हे तिचं काम. तिने लग्न केलं नाही. आई म्हणायची, "हिने एकोणीस ठिकाणी संसार मांडलेत, विसावा कुठे मांडणार?"

मी फोटोवाला. बाजाराच्या कोपऱ्यावर माझा स्टुडिओ आहे. पुढे काउंटर, मागे पांढरा पडदा, दोन छत्रीचे दिवे आणि एक फिरतं स्टूल. पासपोर्टचे फोटो, शाळांचे ग्रुप फोटो, लग्नं. "हनुवटी जरा खाली, खांदे सैल" हे मी दिवसातून चाळीस वेळा म्हणतो. बायको मागच्या खोलीत कॉम्प्युटरवर बसून गावाचे मुरूम आणि डोळ्यांखालची काळी वर्तुळं पुसते. धंदा बरा चाललाय. पण पंचवीस वर्षांत माझा फोटो कुणी भिंतीवर लावला तर तो आतल्या माणसासाठी लावला, फोटोसाठी नाही. हे मी कधी कुणाला बोललो नाही. सलायचं मात्र.

खात्यात दर वर्षी प्रत्येक तळ्याचे पाच फोटो काढतात. ठरलेले पाच दगड, त्यांवरून ठरलेल्या पाच दिशा. ते काढणारा माणूस निवृत्त होऊन परगावी गेला आणि नवा यायचा पत्ता नव्हता, तेव्हा ताईने मला विचारलं, "छोट्या, येतोस का? अकरा नंबरला जायचंय." मी पन्नाशीचा, डोक्यावर केस मोजकेच, पण तिच्यासाठी अजून छोट्याच.

जीपवर रेडिओ होता. म्हणजे ड्रायव्हर. सतरा वर्षं ताईची जीप तोच चालवत होता, आणि त्याचं तोंड सतरा वर्षं चालू होतं म्हणून खात्याने त्याला हे नाव दिलं होतं. प्रत्येक वळणावर कुठली गाडी कधी घसरली, सासूबाईंचं दुखणं कुठल्या गुडघ्यातून कुठल्या गुडघ्यात गेलं, सगळं सांगून झालं. ऐकणारं कुणी नसलं की तो गिअरशी बोलतो, असं ताई म्हणायची. रस्ता संपला तिथे त्याने घडी घातलेली रबरी होडी पाठीवर घेतली आणि चढ लागला तरी बोलत राहिला. माझा श्वास पुरत नव्हता, याचे शब्द संपत नव्हते.

शेवटच्या चढाआधी ताई थांबली. "आता ऐक. चालायचं ते फक्त दगडांवरून. काठाला शेवाळाची गादी आहे, ती वर्षाला नखभर वाढते. पाण्यात काही जाता कामा नये. हातसुद्धा नाही, तू तोंडाला क्रीम लावून आलायस. आणि तिसरं. हे तळं नकाशावर नुसता नंबर आहे. इथे बंदी नाही, कुंपण नाही. कुणाला माहीत नाही, एवढीच काय ती त्याची राखण. फोटो हवा तर दाखव. जागा सांगायची नाही."

"मी काय लहान आहे का?" मी म्हटलं.

मग आम्ही वर गेलो आणि मला ते दिसलं.

कसं सांगू? फार मोठं नव्हतं. शाळेचं मैदान असतं तेवढं. तिन्ही बाजूंनी करडे कडे, आणि मध्ये पाणी इतकं स्वच्छ, की आधी मला वाटलं खड्डा कोरडाच आहे. काठाशी तळाचे दगड मोजता येत होते. ताईने मला वाकवून दाखवलं. तांदळाच्या दाण्याएवढे पारदर्शक जीव, पाठीवर पडून पोहणारे. ती त्यांना काचकिडे म्हणते. "हे खालच्या पाण्यात जगत नाहीत. दर उन्हाळ्यात दोन महिने यांचं आयुष्य. गावाला खबरही नसते."

ताई होडीतून मध्यावर गेली आणि तिने दोरीला बांधलेली पांढरी तबकडी पाण्यात सोडली. ती जितक्या खोलीवर दिसेनाशी होईल तेवढा पाण्याचा नितळपणा. काठावरून होडीची दोरी रेडिओने धरली होती. मी पाच दगडांवरून पाच फोटो काढले. काम संपलं.

तेवढ्यात ढग सरकला, मागच्या दोन सुळक्यांवर ऊन पडलं आणि दोन्ही सुळके अख्खेच्या अख्खे पाण्यात उतरले. दगडावरून एक सुळका कापला जात होता. तीन पावलं डावीकडे गेलो तर दोन्ही मावणार होते. तिथे दगड नव्हता.

ताईची पाठ होती. मी तीन पावलं टाकली.

गादी पायाखाली ओल्या पावासारखी दबली. फोटो काढला, परत दगडावर आलो. मागे तीन खळगे पाण्याने भरत होते. मी बसून हाताने कडा सारख्या करायला गेलो, तर शेवाळ आणखी सुटून हातात आलं. ते मी खिशात घातलं. का, ते आजही कळत नाही. चोरटं वाटलं म्हणून असेल.

तो फोटो चांगला आला. खोटी नम्रता कशाला, तो माझा आयुष्यातला सर्वांत चांगला फोटो आहे. मोठा करून, फ्रेम करून मी काउंटरच्या मागे लावला. पासपोर्टच्या फोटोला आलेली माणसं पाकीट हातात घेऊन तिथेच उभी राहायची. "हे कुठलं?" "आहे एक." असं म्हणताना मला छातीत काहीतरी फुलल्यासारखं व्हायचं. ताई आली तेव्हा तिनेही बराच वेळ पाहिला. म्हणाली, "छान काढलायस." मग जरा पुढे झुकली. "हा कुठल्या दगडावरून?"

"तिसऱ्या. जरा वाकून."

तिने मान हलवली. ताईला माझ्यावर शंका घ्यायची सवय नव्हती.

पुढच्या वसंतात सहलीवाला आला. गावात त्याचं सहलींचं ऑफिस आहे, त्याच्या माहितीपत्रकांचे फोटो मीच काढतो. जगभर हिंडलेला माणूस, सहजी कशाला चांगलं म्हणत नाही. तो फोटोसमोर उभा राहिला, चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाला, "हे तुम्ही काढलंय? तुम्ही? अहो, मग इथे लोकांच्या हनुवट्या का खाली करत बसलाय?"

पंचवीस वर्षं मी ज्या वाक्याची वाट पाहत होतो ते हे होतं. त्यानंतर त्याने काय विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं. त्याने जागा विचारली. मी म्हटलं, "फक्त तुम्हाला म्हणून सांगतो." आणि फोटोच्या पाकिटाच्या पाठीवर पेनने वाट काढून दिली. रस्ता कुठे संपतो, ओढा कुठे ओलांडायचा, डावा चढ घ्यायचा की उजवा.

तो गेल्यावर बायको मागच्या खोलीच्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"ताईंनी नको म्हटलं होतं ना?"

"एकट्याला सांगितलंय. जबाबदार माणूस आहे."

ती वळली. आत जाऊन परत कुणाचे तरी मुरूम पुसायला लागली.

त्या उन्हाळ्यात काय झालं ते मला आधी फोनवर दिसलं. कुणीतरी गुडघाभर पाण्यात उभा राहून हात पसरलेला, मागे माझे दोन सुळके. मग दुसरा. मग एक जोडपं, त्यांचा कुत्रा पाण्यात. प्रत्येक फोटोखाली जागेचं नाव, आणि नाव त्यांनीच ठेवलेलं: 'आरसा तळं'. आठवड्याभरात तिथे जाणाऱ्या वाटेचा व्हिडिओ निघाला. महिन्याभरात रस्ता संपतो तिथे गाड्या लावायला जागा उरेना.

ताई वर जाऊन आली त्या रविवारी आमच्याकडे जेवायला होती. जेवली नाही. नुसती बोटं ताटात. सांगत होती ते एकसुरी आवाजात, खात्याचा अहवाल वाचावा तसं. उत्तरेच्या काठाची गादी उखडली आहे. दगडांचे मनोरे रचलेत, म्हणजे चालायचे दगडच उचललेत. भांडी घासल्याचा साबण. ड्रोन. कड्यात घरटं करणारी पाखरं घरटी टाकून गेली. "तबकडी चौदा मीटरपर्यंत दिसायची. सव्वीस वर्षं चौदा. परवा अकरा."

मी विचारलं, "लोकांना कळलं कसं?" 

"मला माहितेय कसं," ताई म्हणाली. "गावात वाट माहीत असलेली माणसं तीन. मी, तू आणि ज्याच्या तोंडात तीळ भिजत नाही तो. मी साहेबांना पत्र दिलंय. माझ्या जीपवर तो नको."

मी तेव्हा तिच्या पेल्यात पाणी ओतत होतो. ओतत राहिलो. पेला भरून टेबलावर सांडलं. बायकोने फडकं आणलं आणि पुसता पुसता माझ्याकडे एकदाच पाहिलं.

ताई गेल्यावर ती म्हणाली, "तुम्ही सांगताय, की मी सांगू?"

"सांगतो. जरा तिचं डोकं शांत होऊ दे."

ताईचं डोकं शांतच होतं. मला वेळ हवा होता. एक आठवडा गेला. मग दुसरा. मी स्वतःला काय काय सांगितलं! सुळक्यांवरूनही कुणी ओळखलं असेल. सहलीवाल्याने दुसरीकडूनही ऐकलं असेल. रेडिओने खरंच कुठेतरी बडबड केली असेलच, न करून कसं चालेल त्याला? भिंतीवरचा फोटो मात्र मी काढला नाही. काढला असता तर बायकोने कारण विचारलं असतं. खरं म्हणजे विचारलं नसतं, आणि ते जास्त वाईट झालं असतं.

तिसऱ्या आठवड्यात, दुपारी बाराच्या सुमाराला, रेडिओ स्टुडिओत आला.

"ओळखपत्राचा फोटो पायजे," तो म्हणाला. "पाइपांच्या गोदामात टाकलंय मला. नवीन कार्ड."

एवढंच बोलला. स्टुलावर बसला, हात मांडीवर ठेवले आणि गप्प झाला. मी दिवे लावले. त्याच्या मागचा पडदा उगीच दोनदा सारखा केला. या माणसाने माझं काउंटर, माझा पंखा, समोरचा रस्ता, कशावरही काहीतरी बोलावं म्हणून मी वाट पाहत होतो. तो पडद्याच्या कोपऱ्याकडे बघत बसला होता.

"हनुवटी जरा खाली," मी म्हटलं. त्याने केली. "खांदे सैल." त्याने केले.

मग कॅमेऱ्यातून त्याचे डोळे मला अगदी जवळून दिसले, आणि त्याच वेळी तो बोलला. माझ्याशी नाही, समोर बघून. "मी बोलतो खूप. बायकोपण वैतागते. पण काय बोलायचं नाही ते कळतं मला, भाऊ. सतरा वर्षं बाईंबरोबर हिंडलो. घरी पोरांनासुद्धा कधी सांगितलं नाही, की अकरा नंबर कुठेय. बाईंनी विचारलं असतं तर सांगितलं असतं. विचारलंच नाही."

माझं बोट बटणावर होतं. ते दाबलं. आणखी एकदा दाबलं. मी म्हणालो, "दहा मिनिटांत देतो." बाकी काही म्हणालो नाही. तो समोर बसलेला असताना, खोलीत तिसरं कुणी नसताना, मी काही म्हणालो नाही. या सगळ्यातली हीच गोष्ट मला अजून गिळता येत नाही.

बायकोने फोटो छापले. डोळ्यांखालची वर्तुळं तिने पुसली नव्हती. पाकीट त्याच्या हातात दिलं, तो गेला, आणि ती माझ्याकडे वळली. ती तोंड उघडणार त्याआधी मी शटर अर्धं खाली ओढलं. "येतो जाऊन," म्हटलं.

ताईची खोली खात्याच्या मागच्या इमारतीत आहे. लांबच लांब टेबल, बाटल्या, प्रत्येकीवर चिठ्ठी. ती भिंगाखाली वाकून एका उथळ ताटलीत काचकिडे मोजत होती.

"ताई, मला—"

"थांब. मोजणी चुकेल." तिच्या हातात मोजणीचं एक बटण होतं, प्रत्येक किड्याला ते टिक करायचं. मी उभा राहिलो. टिक. टिक. किती वेळ गेला कोण जाणे. मधेच थांबली, ताटली जरा फिरवली, पुन्हा टिक. मला वाटलं पळून जावं. "एकशे सात," ती शेवटी म्हणाली आणि लिहिलं. "गेल्या वर्षी एवढ्याच पाण्यात तीनशे होते. बोल."

मी सांगितलं. सहलीवाला, पाकीट, पेन. तीन पावलंसुद्धा सांगितली. एकदा सुरू झाल्यावर सगळंच बाहेर पडलं. ती ओरडेल असं वाटलं होतं. लहानपणी ओरडायची, कान धरायची. ती नुसती पेनाचं टोपण लावत होती, काढत होती.

"त्याने तुला काय दिलं?"

"काही नाही. फोटो चांगला आहे म्हणाला."

ताईने पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "मीही म्हणाले होते की रे. चांगला आहे म्हणून."



तिने हातमोजे काढले. "आणि मी त्याला एका शब्दाने विचारलं नाही. थेट पत्र लिहिलं. सतरा वर्षं माझी होडी वाहिली त्याने." ती उठली. "चल."

"कुठे?"

"गोदामात. आणि तू माझ्यानंतर बोलायचं. आधी मी."

गोदामात रेडिओ पाइपांच्या ढिगाशी उभा राहून नग लिहून घेत होता. गळ्यात नवं कार्ड, त्यावर दीड तासापूर्वी मी काढलेला फोटो. ताईने इकडचं तिकडचं काही केलं नाही. "मी तुझ्यावर आळ घेतला. तो खोटा होता. साहेबांना आज दुसरं पत्र देते, माझ्या सहीचं, त्यात हेच लिहीन." मग मी माझं सांगितलं. दोन वाक्यांत आटपलं, कारण त्याहून जास्त जीभ वळेना.

रेडिओने आधी ताईकडे पाहिलं. "बाई, तुम्हाला माहीत नव्हतं," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "तुम्हाला माहीत होतं. मघाशी. मी स्टुलावर होतो तेव्हा."

"हो."

त्याने गळ्यातलं कार्ड उचलून पाहिलं. "फोटो बरा काढलाय," म्हणाला, आणि पाइप मोजायला लागला.

आठ दिवसांनी तो जीपवर परत आला. ताईशी पूर्वीसारखाच बोलतो, असं ऐकलं. माझ्याशी बोलतो ते कामापुरतं. रस्त्यात भेटला तर "काय भाऊ" म्हणतो आणि पुढे जातो. ते मी ओढवून घेतलंय, तक्रार नाही.

फोटो मी उतरवला. सहलीवाल्याकडे गेलो, तर त्याने खुर्ची दिली, चहा मागवला. "मी नाही नेलं तर दुसरा कुणी नेईल. आता ते सगळ्यांच्या फोनवर आहे. तुम्ही मनाला कशाला लावून घेताय?" मला चीड आली नाही. इतके दिवस मी स्वतःला दुसरं काय सांगत होतो? पण माहितीपत्रकाचं काम त्याला परत दिलं आणि म्हटलं, दुसरा फोटोवाला बघा. तेवढंच माझ्या हातात होतं. ज्यांनी ज्यांनी जागेच्या नावासकट फोटो टाकले होते त्यांना मी आणि बायकोने बसून लिहिलं, निदान जागा तरी काढा. तीस-चाळीस जणांनी काढली. काहींनी शिव्या दिल्या. एकाने विचारलं, तुम्ही कोण? मी लिहिलं, पहिला फोटो माझा. त्यावर उत्तर आलं नाही.

खात्याने पुढच्या उन्हाळ्यापासून वाटेच्या तोंडाशी चौकी बसवली. दिवसाला वीस माणसं, बस्स. चौकीवर बसायला माणसं हवी होती, मी नाव दिलं. आठवड्यातून दोन दिवस स्टुडिओ बायको सांभाळते आणि मी तिथे असतो. बूट ब्रशने घासून घ्यायचे, चेहऱ्याचं क्रीम पुसायला लावायचं, काठावर ठोकलेल्या फळ्यांवरूनच चाला म्हणून सांगायचं. फोटो काढा, पण उभं राहायचं ते फळीवर, आणि कुठला ते लिहायचं नाही. कुणी वाद घालतं. एक बाई म्हणाली, "तुम्हाला सौंदर्याची काही कदर नाही." मी तिचे बूट घासत होतो. म्हटलं, "डावा पाय पुढे करा."

पाच दगडांचे फोटो आता खात्यातला नवा माणूस काढतो. ताईने मला विचारलं नाही, मीही विषय काढला नाही. ती वर्षभर आमच्याकडे आली नाही. फोन करायची, तो आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनपुरता.

मग परवा, रविवारी, अचानक आली. जेवली. बायकोशी पडद्याच्या कापडाबद्दल बोलली, आईच्या थेंबांचं वेळापत्रक फळ्यावर लिहून दिलं. तळ्याचं नाव नाही. मीही काढलं नाही. निघताना जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थांबली, वळली नाही.

"तबकडी यंदाही अकरालाच," म्हणाली.

"कमी नाही ना झालं?"

"कमी नाही झालं." मग जरा वेळाने, "गादी यायला वीसेक वर्षं लागतील. तोवर मी काही मोजायला नसेन."

"मी चौकीवर असेन," मी म्हटलं.

"सत्तरीत?"

"बसूनच असतो तिथे."

ती हसली की नाही ते मला दिसलं नाही, तिची पाठ होती. कठड्याला धरून हळूहळू उतरली. खालचं फाटक वाजलं. मी दारातच उभा होतो तेव्हा बायको आतून म्हणाली, "लावा की दार. वारा येतोय."